डॉल्फिनचं तोंड उजवीकडे: प्रकाशकाच्या नावाला किंमत किती?

१५१८ साली व्हेनिसमधल्या एका छापखान्याने आपल्या वाचकांना अस्सल पुस्तक ओळखण्याची खूण सांगितली. जहाजाचा नांगर आणि त्याला वेटोळं घातलेला डॉल्फिन, हे त्या छापखान्याचं चिन्ह. अल्डस मनुशियस या विद्वान मुद्रकाने १५०२ च्या सुमारास ते वापरायला सुरुवात केली. त्याची पुस्तकं इतकी शुद्ध आणि सुबक असत की दुसऱ्या गावचे मुद्रक सर्रास त्यांच्या नकला करून विकत. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या नकलाकारांविरुद्ध अल्डसने १५०३ मध्ये पत्रक काढलं आणि त्यांच्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुका एकेक करून दाखवल्या. त्याच्या मृत्यूनंतर फ्लॉरेन्समधून नकला आल्या, त्यांवर तर चिन्हही उचललेलं होतं. तेव्हा वारसांनी वाचकांना कळवलं की, त्यांचा डॉल्फिन डावीकडे तोंड करून आहे, आमचा उजवीकडे. नीट पाहून घ्या.

प्रकाशकाच्या नावाला किंमत असते का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या डॉल्फिनमध्ये दिसतं. किंमत होती म्हणून तर चोरी झाली. अवघड आहे ते उरलेलं अर्धं: आज ती किंमत नेमकी कोणाच्या लेखी आहे? वाचकाच्या, लेखकाच्या, की आणखी कोणाच्या?

आधी वाचकाकडे जाऊ. चांगल्या वाचकाला विचारा, नुकतंच कोणतं पुस्तक वाचलं? पुस्तकाचं नाव येईल, लेखकाचं येईल. प्रकाशक कोण विचारलं की तो कपाटाकडे बघेल. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आवाज लेखकाचा असतो, गोष्ट त्याची असते, आणि पुढचं पुस्तक शोधताना आपण तो आवाज शोधत जातो.

याचा जवळजवळ प्रयोग म्हणावा असा एक प्रसंग २०१३ मध्ये घडला. रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या अनोळखी लेखकाची रहस्यकादंबरी एप्रिलमध्ये लंडनहून आली. प्रकाशक साधासुधा नव्हता. लिटल, ब्राउन या जुन्या, मोठ्या संस्थेची ‘स्फिअर’ ही शाखा. परीक्षणंही चांगली आली. तरी जुलैपर्यंत ब्रिटनमध्ये पुठ्ठाबांधणीच्या जेमतेम १,५०० प्रती खपल्या. मग एका वर्तमानपत्राने शोधून काढलं की गॅलब्रेथ म्हणजे ‘हॅरी पॉटर’ लिहिणाऱ्या जे. के. रोलिंग. पुढच्या काही दिवसांत ते पुस्तक विक्रीच्या यादीत थेट वर गेलं. मजकूर तोच, मुखपृष्ठ तेच, प्रकाशक तोच. बदललं ते लेखकाचं नाव.

म्हणजे प्रकाशकाचं नाव बिनकामाचं, असं यावरून कोणी म्हणेल. मला त्यात उलट गोष्टही दिसते. एका अनोळखी माणसाची पहिली कादंबरी देशभरच्या दुकानांत पोचली, समीक्षकांनी ती उघडून वाचली, हे कशामुळे झालं? तोच मजकूर त्या अनोळखी माणसाने स्वतः छापून समीक्षकांना पाठवला असता तर किती जणांनी पाकीट फोडलं असतं? प्रकाशकाच्या नावाने आपलं काम केलं होतं. ते काम वाचकाच्या आधीच्या टप्प्यावर होतं, एवढंच.

हा आधीचा टप्पा समजून घेतला की सगळा विषय सोपा होतो. लेखकाच्या टेबलापासून वाचकाच्या हातापर्यंत पुस्तक सरळ येत नाही. मध्ये विक्री प्रतिनिधी असतात, वितरक असतात, दुकानांसाठी खरेदी करणारे लोक असतात, ग्रंथपाल, परीक्षणं छापणारे संपादक, पारितोषिकांचे परीक्षक, परदेशी भाषांचे अनुवादक असतात. यांतल्या प्रत्येकापुढे पुस्तकांचा डोंगर असतो आणि वाचायला वेळ नसतो. दुकानासाठी खरेदी करणारा माणूस पुस्तक येण्याच्या कितीतरी महिने आधी यादीवरून मागणी नोंदवतो. त्या वेळी बहुतेक पुस्तकं त्याने वाचलेली नसतात. काही तर तोवर छापूनही झालेली नसतात. मग तो बघतो काय? या प्रकाशकाची मागची पुस्तकं कशी होती, ती वेळेवर आली का, न खपलेल्या प्रती त्याने परत घेतल्या का. प्रकाशकाचं नाव म्हणजे या मधल्या माणसांच्या नावे लिहिलेलं शिफारसपत्र. वाचक ते वाचत नाही, कारण ते त्याला लिहिलेलंच नसतं.

ही शिफारस किती ठोस असते ते बुकर पारितोषिकाच्या नियमांत दिसतं. तिथे पुस्तकं प्रकाशकाने पाठवायची असतात, आणि लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेलं पुस्तक चालत नाही. त्यातही प्रत्येक प्रकाशकाला सारख्याच प्रवेशिका मिळत नाहीत. मागच्या पाच वर्षांत ज्याचं एकही पुस्तक दीर्घ यादीत, म्हणजे परीक्षकांच्या पहिल्या निवडयादीत, आलं नाही त्याला एकच पुस्तक पाठवता येतं. एक-दोन आली असतील तर दोन, तीन-चार आली असतील तर तीन, पाच किंवा जास्त असतील तर चार. तुमची कादंबरी कितीही ताकदीची असो, ती परीक्षकांपुढे जाण्याची शक्यता तुमच्या प्रकाशकाच्या आधीच्या लेखकांवर अवलंबून राहते. नावाची पत इथे अक्षरशः आकड्यांत मोजलेली आहे.

आणखी एका ठिकाणी ती आकड्यांत दिसते, आणि ती जागा तुम्ही हजारदा पाहिली असेल. मलपृष्ठावर बारकोडच्या वर १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो, मध्ये लहान आडव्या रेघा देऊन तोडलेला. पेंग्विनच्या बऱ्याच इंग्रजी पुस्तकांवर त्याची सुरुवात ९७८-०-१४ अशी असते. ९७८ म्हणजे ही वस्तू पुस्तक आहे, ० म्हणजे इंग्रजी भाषेचा गट आणि १४ म्हणजे पेंग्विन. शेवटचा आकडा फक्त पडताळ्यासाठी. १३ मधून हे सगळं वजा केलं की पुस्तकासाठी सहा आकडे उरतात, म्हणजे दहा लाख पुस्तकांची जागा. आता एखाद्या अगदी छोट्या प्रकाशकाचा क्रमांक बघा. तिथे प्रकाशकाच्या नावचेच सहा किंवा सात आकडे असतात आणि पुस्तकासाठी दोन किंवा एकच उरतो. म्हणजे त्या गठ्ठ्यात शंभर किंवा दहाच पुस्तकांची सोय. प्रकाशकाचा आकडा जितका आखूड तितकी त्याच्याकडून जास्त पुस्तकांची अपेक्षा होती, असा त्याचा अर्थ. पुस्तक चांगलं की वाईट हे त्यातून मुळीच कळत नाही. पण मोठेपणा म्हणजे काय, याचा एक साधा हिशेब कळतो.

मग वाचकाला प्रकाशकाच्या नावाचं काहीच नसतं का? असतं, पण ठरावीक वेळी.

एक तर वाचकाला जेव्हा स्वतः तपासून बघता येत नाही तेव्हा. कादंबरी आवडली की नाही हे मला पन्नास पानांत कळतं. पण शब्दकोशातला अर्थ बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? अर्थ माहीत नाही म्हणून तर मी कोश उघडला. औषधांच्या मात्रा देणारं पुस्तक, नकाशे, कायद्यावरचं भाष्य, शाळेचं पाठ्यपुस्तक, सगळ्यांचं तेच. इथे वाचक नावावर विसंबतो आणि त्याने विसंबावंच. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये विद्यापीठातल्या अध्यापकांचं एक मंडळ प्रकाशनाला मंजुरी देतं. विद्यापीठांच्या इतर प्रकाशनसंस्थांतही हस्तलिखित बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. वाचकाला हे सोपस्कार दिसत नाहीत, त्यांच्या बदल्यात त्याच्या हाती नाव येतं. संशोधनाच्या क्षेत्रात याची दुसरी बाजूही आहे. नामवंत नियतकालिकांशी मिळतीजुळती नावं घेऊन पैसे घ्यायचे आणि कोणतीही तपासणी न करता लेख छापायचे, हा धंदा गेल्या दोन दशकांत फोफावला. तरुण संशोधक त्यात पैसे घालवतात, शिवाय आपलं चांगलं काम वाया घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी वेळ म्हणजे वाचकाला ‘असंच आणखी एक’ हवं असतं तेव्हा. मिल्स अँड बूनच्या प्रेमकथा वाचणारे लेखिकेच्या नावाइतकेच, कित्येकदा त्याहून जास्त, मालिकेच्या नावाने पुस्तक मागतात. कशा प्रकारची गोष्ट मिळणार, किती लांबीची, शेवट कसा, याचं एक वचन त्या नावात असतं आणि ते दर महिन्याला पाळलं जातं. याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. दमून आलेल्या माणसाला पाळलेल्या वचनाचं मोल फार असतं.

तिसरी वेळ मला सगळ्यात जास्त आवडते. प्रकाशकाची निवड इतकी एकजीव असते की वाचक लेखक न ओळखताही पुस्तक उचलतो. ॲलन लेनने १९३५ मध्ये पेंग्विनची पहिली दहा पुस्तकं काढली. पक्ष्याचं चित्र काढायला त्याने ऑफिसातल्या एका तरुणाला प्राणिसंग्रहालयात पाठवलं होतं. मुखपृष्ठावर चित्र नाही, नुसते रंगाचे आडवे पट्टे: कथा-कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. वरच्या पट्ट्यात ठळक नाव कोणाचं, तर प्रकाशकाचं. लोक रंग आणि पक्षी पाहून पुस्तकं घेत आणि एरवी ज्याच्या वाटेला गेले नसते असा लेखक घरी नेत. आजच्या काळात लंडनच्या फिट्झकराल्डो एडिशन्सने तेच केलं आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली ही छोटी संस्था. सगळी मुखपृष्ठं एकसारखी: कथात्म लेखन असेल तर निळ्यावर पांढरी अक्षरं, निबंध असेल तर पांढऱ्यावर निळी. स्वेतलाना अलेक्सिएविच, ओल्गा तोकार्चुक, ॲनी एर्नो आणि यून फॉसे या चार नोबेल विजेत्यांची पुस्तकं तिने इंग्रजीत आणली. तिचे वाचक तो निळा रंग दिसला की थांबतात आणि लेखक कोण ते मागाहून पाहतात.

इथे एक गोष्ट लक्षात येते. वाचकाच्या मनात घर करणारं नाव बहुधा मोठं नसतं, अरुंद असतं. जो प्रकाशक स्वयंपाकाची पुस्तकं, आत्मचरित्रं, युद्धकथा आणि कविता सगळंच काढतो, त्याचं नाव वाचकाला काय सांगणार? म्हणूनच मोठ्या कंपन्या आपल्या पोटात लहान लहान नावं जपतात. पेंग्विन आणि रँडम हाउस २०१३ मध्ये एक झाल्या. त्या एकाच कंपनीच्या छत्राखाली आज शेकडो नावांनी पुस्तकं निघतात. अशा नावाला ‘इम्प्रिंट’ म्हणतात. त्याला स्वतःचे संपादक असतात, स्वतःची आवड असते. हिशेब, गोदाम आणि वितरण वरच्या कंपनीचं.

लेखकाने हे नीट समजून घ्यायला हवं, कारण यात त्याचा थेट पैसा गुंतलेला आहे. पाच वेगवेगळ्या नावांना हस्तलिखित पाठवलं म्हणजे पाच दारं ठोठावली असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांतली तीन एकाच वाड्याची असू शकतात. पेंग्विन रँडम हाउसला सायमन अँड शूस्टर ही कंपनी विकत घ्यायची होती, तेव्हा अमेरिकेत नेमका हाच मुद्दा कोर्टात गेला. एकत्र आल्यावरही आमची नावं हस्तलिखितांसाठी एकमेकांविरुद्ध बोली लावत राहतील, असं आश्वासन कंपनीने दिलं. ते कोर्टाला पुरेसं वाटलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी विलीनीकरण रोखलं, आणि कारण दिलं ते लेखकांचं: बोली लावणारे कमी झाले की लेखकाच्या हाती पडणारी आगाऊ रक्कम घटेल. पुस्तकधंद्यावरच्या खटल्यात वाचक-ग्राहकाच्या आधी लेखकाचं नुकसान मोजलं गेलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

नावाला इतकी किंमत असेल तर ते भाड्यानेही जातं. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या कंपन्या जुन्या आहेत. गेल्या काही वर्षांत झालेला बदल असा की नामवंत प्रकाशकही त्यात उतरले. पेंग्विनच्या मालक कंपनीने २०१२ मध्ये अशीच एक मोठी कंपनी, ऑथर सोल्यूशन्स, विकत घेतली आणि साडेतीन वर्षांत ती पुन्हा विकली गेली. सायमन अँड शूस्टरने त्याच कंपनीच्या मदतीने सशुल्क प्रकाशनाची शाखा काढली. यात बेकायदा काही नाही. पण ‘अमक्या संस्थेची शाखा’ असं ऐकलं की नवा लेखक समजतो, आपली निवड झाली. निवड झालेली नसते, सेवेची विक्री झालेली असते. ज्या संपादकाने शंभर हस्तलिखितं साभार परत करून एक ठेवलं, त्या नकारांतून नावाला वजन आलेलं असतं. पैसे भरणाऱ्या कोणालाही ‘हो’ म्हणणाऱ्या शाखेच्या मागे हे नकारच नसतात.

आणि नाव चोरीलाही जातं, अगदी डॉल्फिनसारखं. २०१६ पासून पुढची चार-पाच वर्षं जगभरातल्या लेखकांना नामांकित संपादक आणि एजंट यांच्या नावाने ईमेल येत होते: हस्तलिखिताची नवी प्रत पाठवा. पत्ते जवळजवळ खरेच. कुठे इंग्रजी ‘एम’ या अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिलेले. लहान लिपीत ते दोन्ही मिळून एमसारखेच दिसतात. पुढे पकडलेला माणूस लंडनमधल्या प्रकाशनव्यवसायातच नोकरीला होता. त्याने असे १६० हून अधिक खोटे पत्ते नोंदवले होते आणि हजाराहून जास्त हस्तलिखितं मिळवली होती. अक्षराच्या जोडणीत लपलेली ती फट पाहिली की मला १५१८ चा तो इशारा आठवतो: तोंड कुठे आहे ते बघा.

नवोदित लेखक मला विचारतात, मोठ्या नावामागे जावं की छोट्याकडे द्यावं? मी त्यांना नाव क्षणभर झाकायला सांगतो. मग बघा: पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय? तुमच्या हस्तलिखितावर कोण बसणार आहे, त्या संपादकाचं नाव काय, त्याच्या हातून आधी कोणती पुस्तकं गेली? ती पुस्तकं मिळवा आणि मुद्रितशोधन कसं आहे ते स्वतः वाचून पाहा. दोन वर्षांपूर्वीचं त्यांचं पुस्तक आज दुकानात मागितलं तर मिळतं का? पुस्तक बाजारातून संपलं आणि नवी आवृत्ती निघाली नाही, तर हक्क तुमच्याकडे परत येण्याची अट करारात आहे का? ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कोणी ठेवले? या सगळ्याची उत्तरं समाधानकारक मिळाली की झाकलेलं नाव उघडा. बऱ्याचदा ते लहान निघतं. मोठ्या नावाच्या घरी तुमचं पुस्तक त्या हंगामातलं साठावं असू शकतं. लहान घरी ते तिसरं असतं आणि सगळ्यांना त्याचं नाव पाठ असतं.

ज्यांना स्वतःचे वाचक आधीच मिळाले आहेत त्यांचं गणित आणखी वेगळं. ह्यू हाउई या अमेरिकन लेखकाने आपली विज्ञानकथा स्वतःच ई-बुक म्हणून विकली आणि ती धो धो खपली. मग प्रकाशक दारी आले. २०१२ मध्ये त्याने सायमन अँड शूस्टरला फक्त छापील पुस्तकाचे हक्क दिले, ई-बुकचे स्वतःकडे ठेवले. प्रकाशकाकडून त्याला नेमकं काय हवं होतं ते या करारात स्वच्छ दिसतं: जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नव्हता त्या दुकानांपर्यंतचा रस्ता. नावाची शाबासकी त्याला वाचकांनी आधीच दिली होती.

पण शाबासकीची गरज इतक्या सहज सुटत नाही. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्याच्या महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसमधल्या एकाहून अधिक प्रकाशकांनी नाकारला. त्यात गालिमारची संस्थाही होती; तिथे निर्णयात आंद्रे जीदसारखे साहित्यिक होते. अखेर १९१३ मध्ये ग्रासे या प्रकाशकाने तो खंड काढला, तोही प्रूस्तच्या स्वतःच्या खर्चाने. पुस्तक आलं, वाचलं गेलं, त्यावर लिहिलं गेलं. जानेवारी १९१४ मध्ये जीदने प्रूस्तला पत्र लिहून कबूल केलं की हे पुस्तक नाकारणं ही आमची सगळ्यात गंभीर चूक, आणि त्यातला आपला वाटा आयुष्यभर डाचत राहील.

आता प्रूस्तला गालिमारची गरज काय होती? पुस्तक बाजारात होतं, कौतुक सुरू झालं होतं, आणि ज्याने ते छापलं तो प्रकाशक पुढचे खंडही काढायला तयार होता. तरी १९१६ मध्ये प्रूस्त ग्रासेला सोडून गालिमारकडे गेला. ज्यांच्या मताची त्याला कदर होती त्या लेखकांची पुस्तकं त्या घरातून येत होती, आणि त्याला आपलं पुस्तक त्यांच्या शेजारी हवं होतं. दुसरा खंड जून १९१९ मध्ये गालिमारच्या नावाने आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला गाँकूर हे फ्रान्समधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं.